स्वावलंबनाची पूर्वतयारी

फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि गेल्या दीड दशकात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत चांगल्याच रुजलेल्या ‘रँडोनरिंग’ नावाच्या प्रकारात, म्हणजे कोणाशीही शर्यत न लावता ठरलेले लांबचे अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने कापण्याच्या उद्योगात, स्वावलंबन हे मूलतत्त्व मानले जाते. वाटेत पंक्चर झाले तर ते सायकलस्वाराने स्वतः काढावे, भूक लागली तर खायचे स्वतः शोधावे, मागून मदतीची गाडी आणू नये, आणि घरच्या माणसांची मदत घ्यायचीच असेल तर ती ‘कंट्रोल’वर, म्हणजे कार्डावर शिक्का मारून हजेरी नोंदवण्याच्या ठाण्यावरच घ्यावी, असे नियम सांगतो. हा नियम प्रारंभरेषेपासून पुढे लागू होतो. प्रारंभरेषेपर्यंत पोहोचण्यासाठी किती माणसांना कामाला लावावे याविषयी मात्र नियमपुस्तिका मौन पाळते, आणि या मौनाचा मराठी सायकलस्वाराइतका पुरेपूर लाभ क्वचितच कोणी उठवला असेल.

या प्रकाराची पहिली पायरी २०० किलोमीटरची असते. ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक फेरीला मुदत ठरलेली आहे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच हंगामात या चारही फेऱ्या पुऱ्या करणारा ‘सुपर रँडोनर’ ठरतो, आणि ही पदवी मिळाली की त्याला पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची बाधा होते, जिची पहिली लक्षणे घरच्यांना बँकेच्या पासबुकात दिसतात. १८९१ साली एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने शर्यत म्हणून सुरू झालेला हा सोहळा आता दर चार वर्षांनी, ऑदाक्स क्लब पारिझियाँ या संस्थेच्या देखरेखीखाली, पहिला-दुसरा न ठरवता पार पडतो. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, कमाल मुदत ९० तास, आणि वाटेतल्या चढांची बेरीज जवळपास १२,००० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीवरून सात वेळा कळसूबाईच्या शिखरावर जाण्याइतकी. पहिल्या वर्षीचा विजेता शार्ल तेराँ जवळजवळ न झोपता सुमारे ७१ तासांत परतला, हे ग्रंथांतून सापडते. परंतु त्याची पिशवी कोणी भरली, पाने कोणी शोधून दिले आणि निघताना ‘सगळं घेतलंस ना?’ असे त्याला कितीदा विचारले गेले, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही, हा इतिहासलेखनातील मोठाच दोष होय.

या विवेचनात सायकलस्वाराचा उल्लेख पुल्लिंगी केला आहे तो व्याकरणाच्या सोयीसाठी नव्हे, तर उपलब्ध पुराव्याच्या बळावर. या फेऱ्या पुऱ्या करणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांची बॅग चार दिवस आधी भरून दाराशी उभी असते, आणि त्यामुळे विनोदी लेखनाला त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

सरावाचे शास्त्र असे सांगते की मोठ्या फेरीआधीचे साधारण दोन आठवडे सायकल चालवणे हळूहळू कमी करत न्यावे, म्हणजे दमलेले स्नायू भरून येतात. या काळाला ‘टेपर’ म्हणतात. सरावातून मोकळा झालेला माणूस घरी बसणार, आणि घरी बसलेल्या माणसासमोर त्याची सायकल उभी असणार, ही गोष्ट शास्त्राने गृहीत धरलेली नाही. घाटांतून, धुळीतून आणि श्रावणसरींतून निमूटपणे चाललेली ती सायकल त्याला एकाएकी कुरकुरते आहे असे वाटू लागते. ही कुरकुर बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलांचा आस ज्या बेअरिंगांवर फिरतो त्या भागाची आहे, सीटची आहे, की डोक्यावरच्या पंख्याची, याचा निवाडा करण्यासाठी रात्री साडेदहा वाजता सायकल उघडली जाते. मोठ्या फेरीला नवीन काहीही वापरू नये, हे सूत्र प्रत्येक सायकलस्वार दुसऱ्याला पोटतिडकीने सांगतो आणि स्वतः शेवटच्या आठवड्यात नवी सीट, नवे बूट आणि नवी चेन घेऊन येतो. सकाळी हे सर्व वैभव हातगाडीवर घालून दुरुस्तीच्या दुकानी नेले जाते, तेव्हा होणारा संवाद प्रदेशपरत्वे फारसा बदलत नाही.

‘चांगली चालली होती की. उघडली कशाला?’

‘आवाज येत होता.’

‘आता येतो का?’

‘आता चाकच फिरत नाही.’

याच सुमारास व्हिसाचे प्रकरण उद्भवते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांत एकाच परवान्यावर फिरता येण्याच्या सोयीसाठी, तीन महिन्यांचे बँकेचे उतारे, कार्यालयाचे रजेचे पत्र, किमान ३०,००० युरोंचा विमा आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा मागितला जातो. यातील शेवटच्या कलमावर सुपर रँडोनराचे घोडे अडते, कारण फेरीतल्या चार रात्रींपैकी पहिली तो सायकलवर, दुसरी एखाद्या शाळेच्या जिमखान्यात जमिनीवर, तिसरी बँकेच्या एटीएमच्या काचेआड आणि चौथी कोणत्या तरी मक्याच्या शेताच्या बांधावर काढणार असतो, आणि यांपैकी एकाही ठिकाणची पावती आगाऊ मिळत नाही. मग ज्या हॉटेलात तो पाय ठेवणार नाही अशा हॉटेलची नोंदणी करून, ती नंतर रद्द करायची आठवण फोनवर लावून, ती आठवण बरोबर चढावर वाजेल अशी व्यवस्था होते. रजेचे पत्र मिळवणे हा त्याहून नाजूक विषय आहे. ‘फ्रान्सला सायकल चालवायला जायचे आहे’ हे वाक्य वरिष्ठांना सांगताना त्यात फ्रान्सचा उच्चार मोठ्याने आणि सायकलचा हळू करावा लागतो, आणि तरीही ‘कंपनी पाठवते का?’ हा प्रश्न यायचा तो येतोच.

घरच्या आणि नात्यातल्या मंडळींचे प्रश्न याहून मूलगामी असतात. बातमी कळताच भेटायला आलेल्या मावशींना बक्षीस किती असते हे जाणून घ्यायचे असते. बक्षीस नसते असे सांगितल्यावर त्या पहिला नंबर आल्यास काय मिळते असे विचारतात. नंबरच नसतो, पूर्ण करणाऱ्या सर्वांना सारखेच पदक असते, असे कळल्यावर क्षणभर थांबून जाण्यायेण्याचा खर्च तरी तिकडचे लोक करत असतील ना, अशी पळवाट भाच्याला काढून देतात. तोही आपणच करायचा असतो, हे ऐकल्यावर मावशी भाच्याशी बोलणे थांबवून त्याच्या बायकोकडे वळतात आणि हळू आवाजात ‘तब्येत बरी आहे ना त्याची?’ असे विचारतात.

विमानात सायकल चढवायची तर ती मोडून खोक्यात भरावी लागते. खोके म्हणजे नव्या सायकली कारखान्यातून दुकानात ज्यात येतात ते सुमारे साडेचार फूट लांबीचे पुठ्ठ्याचे. वर्षभर दुकानाच्या पोटमाळ्यावर पडून राहणारी ही खोकी सुपर रँडोनराला गरज पडण्याच्या आदल्या दिवशीच भंगारात जातात, हा निसर्गनियम असावा. ‘आधी सांगायचं ना,’ दुकानदार म्हणतो. ‘आधी म्हणजे कधी?’ ‘परवा.’ मग भंगारवाल्याकडे जावे लागते, आणि पुठ्ठा किलोवर विकत घेणारा तो गृहस्थ समोरच्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघून गरज नगावर विकतो.

खोके आल्यावर पेडले काढण्याचा विधी सुरू होतो. उजव्या पेडलाचे आटे नेहमीसारखे, तर डाव्याचे उलटे असतात, जेणेकरून चालवता चालवता डावे पेडल आपोआप सैल होऊन निखळू नये. पाना वर धरून मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही बाजूंची पेडले सुटतात, इतके हे सोपे आहे. परंतु हे ज्याला ठाऊक असते तो कधी घरी नसतो, आणि सोसायटीतले निवृत्त अभियंते काका मात्र नेमके असतात. काका सरकारी खात्यात पूल बांधत असल्यामुळे आट्यांबाबत त्यांना शंका नसते. ‘घड्याळाच्या उलट फिरव. अरे, जगात सगळीकडे तसंच सुटतं,’ या त्यांच्या मार्गदर्शनाखाली डावे पेडल इतके घट्ट बसते की एकाने सायकल धरायची, दुसऱ्याने पाना धरायचा आणि काकांनी आपले मत धरून ठेवायचे, अशी श्रमविभागणी होऊन वॉचमनला वर बोलवावे लागते. वॉचमन गावाकडे सायकलवरून दूध घालत असे. तो काही न बोलता पान्यावर पाय देऊन उलट्या दिशेने एक दाब देतो आणि खाली निघून जातो.

त्यानंतर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र, हलक्या हाताने सोडवून पोटऱ्यांच्या मोज्यात गुंडाळावे लागते, कारण ते ज्या छोट्या हँगरला लटकते तो मुद्दामच नरम धातूचा केलेला असतो, जेणेकरून आपटल्यावर फ्रेम वाचावी आणि तो वाकावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्याने दुसऱ्याचा चालत नाही. सुटलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून स्वयंपाकघरातली एक वाटी आणली जाते, आणि वाटी स्वयंपाकघरातली असल्यामुळे ती यथावकाश स्वयंपाकघरात परत जाते. हिच्याविषयी पुढे.

आता वजनाचा मुद्दा. सुपर रँडोनर हा ग्रॅममध्ये विचार करणारा प्राणी आहे. चढावर अधिक वजन ओढावे लागू नये म्हणून त्याने कार्बनचे हँडल घेतलेले असते, पोलादाचे स्क्रू काढून टायटॅनियमचे बसवलेले असतात आणि टूथब्रशची अर्धी दांडी करवतीने कापून टाकलेली असते. दांडी कापून वाचलेल्या चार-पाच ग्रॅमच्या जागेत आई दोन किलो डिंकाचे लाडू ठेवते. लाडवांसोबत मेतकूट, भाजणी, लोणावळ्याची चिक्की, सुंठेची गोळी, आणि फ्रान्समध्ये मीठ मिळते की नाही याची खात्री नसल्यामुळे पुडीत बांधलेले मीठ. विमान कंपनीची मर्यादा बहुधा २३ किलोची असते, आणि ती पाळण्यासाठी मध्यरात्री वजनकाट्यावर माणसाने खोके कवटाळून उभे राहायचे, मग खोक्याविना उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, असे प्रयोग सुरू होतात. त्यांतून खोक्याचे वजन दर वेळी वेगळे आणि माणसाचे दर वेळी जास्त येते. ‘लाडू काढ,’ असे म्हणण्याचे धैर्य कोणालाच नसल्यामुळे शेवटी पंप काढला जातो.

माणसाचे वजन वाढण्यालाही शास्त्रीय आधार आहे. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर असते; जोरकस श्रम केल्यास ती साधारण दोन तासांत संपत आल्यामुळे फेरीआधी एक-दोन दिवस भात, बटाटा, पोळी असे पिष्टमय पदार्थ जास्त खाऊन साठा भरून घ्यावा, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला घरी पोहोचेपर्यंत त्याची पुरणपोळी झालेली असते. कटाच्या आमटीपर्यंत शास्त्र मान डोलावते; चौथ्या पोळीवर तुपाची धार पडली की ते हळूच उठून निघून जाते.

निघण्याच्या दिवशी ठरवलेली टॅक्सी येते ती छोटी येते. साडेचार फुटांचे खोके डिकीत मावत नाही, मागच्या सीटवर मावत नाही, आणि म्हणून ते टपावर चढवून आईच्या जुन्या नऊवारीने बांधले जाते. पाठवणीच्या वेळी लोटावी तशी अर्धी सोसायटी दाराशी लोटलेली असते, दही-साखर हातावर पडते, काका पेडलांविषयी शेवटचा खुलासा करतात, आणि पुणे ते मुंबई या प्रवासात द्रुतगती मार्गावरून जाणारी प्रत्येक गाडी बाजूने जाताना वेग कमी करून त्या फडफडणाऱ्या पदराकडे बघून घेते. जुन्या पिढीने एसटीच्या टपावर सायकली टाकून अख्खा महाराष्ट्र पालथा घातला होता आणि कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडण्यापलीकडे कोणताही समारंभ झाला नव्हता, ही आठवण चालक बोरघाटात काढतो. ती कोणालाही नको असते.

विमानतळावर खोक्याचा परिचय करून द्यावा लागतो. ‘यात काय आहे?’ ‘सायकल.’ ‘मुलाची?’ ‘माझी.’ ‘तिकडे मिळत नाही?’ या चौकशीतून सुटल्यावर टायरमधली हवा काढली आहे का, असे विचारले जाते. विमानाच्या सामानकक्षातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायर फुटण्याची भीती फारशी खरी नसते. पण काउंटरवर भौतिकशास्त्र सांगू नये, एवढे शहाणपण ६०० किलोमीटरची फेरी केलेल्या माणसाला आलेले असते. खरी अडचण बॅटऱ्यांची. दिवे, पॉवर बँक आणि वाट दाखवणारे यंत्र यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात, हे त्याने वाचलेले असते, इतरांना सांगितलेले असते, आणि तरीही क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर लाडवांच्या डब्याशेजारी बॅटरी झळकते. खोके उघडावे लागते. ज्या चिकटपट्टीचे अख्खे रीळ घरी त्यावर संपवले होते ती कापण्यासाठी कात्री हवी, आणि कात्री विमानतळावर कोणाकडेच असू शकत नाही. पुन्हा बंद करण्यासाठी जी चिकटपट्टी मिळते ती दुबईला निघालेल्या एका कुटुंबाची असते, आणि तिच्या मोबदल्यात त्यांना चार लाडू जातात. खोक्याचे वजन कमी होण्याची ही पहिलीच वेळ.

पॅरिसला उतरून रांबुये या गावी जायचे असते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी फेरीचा प्रारंभ तेथूनच झाला, आणि तोही ‘बर्जरी नॅशनाल’च्या आवारातून, म्हणजे सोळाव्या लुईने स्पेनहून मेरिनो मेंढ्या आणवून वसवलेल्या राष्ट्रीय मेंढपाळगृहातून. मोंपारनास स्थानकावरून तेथे साधी लोकल जाते. या लोकलमध्ये सायकल चढवता येते. परंतु खोक्यातली सायकल, पाठीवरची बॅग आणि झोपेची थकबाकी अशा तिहेरी भाराने वाकलेला माणूस फलाटावर दरवाजा आपोआप उघडेल म्हणून उभा राहतो, तो बटण दाबल्याशिवाय उघडत नसतो, आणि आतला एक शाळकरी मुलगा ते दाबेपर्यंत स्वावलंबनाची ही पहिली युरोपीय परीक्षा हुकता हुकता राहते. भारतीय घड्याळ फ्रान्सच्या उन्हाळी घड्याळापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने दुसऱ्या दिवशी त्याला पहाटे अडीचला टक्क जाग येते, आणि या वेळेचा सदुपयोग म्हणून तो सायकल जोडायला घेतो. हँगर शाबूत. चाके शाबूत. डाव्या पेडलाला तर तो आता पाठ झालेला आहे. सीटची नळी फ्रेममध्ये आवळणारा स्क्रू मात्र नसतो.

घरी व्हिडिओ कॉल लावला जातो. वाटी सापडते, तिच्यात कोशिंबीर असते. ‘एक बारीक खिळा निघाला होता परवा,’ आई सांगते, ‘पोराच्या दप्तराचा असेल म्हणून ठेवून दिलाय. टाकू का?’

फ्रान्समध्ये ऑगस्ट हा सुट्टीचा महिना. १५ ऑगस्ट तेथेही सार्वजनिक सुट्टी असते, ती मेरीमातेच्या स्वर्गारोहणाची, आणि तिच्या आगेमागे गावोगावच्या दुकानदारांनी वार्षिक रजेची पाटी लावून समुद्रकिनारा गाठलेला असतो. रांबुयेच्या रस्त्यांवर हातात सीट घेऊन हिंडणाऱ्या या माणसाला ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ एवढेच फ्रेंच येत असल्यामुळे तो स्क्रूची मागणी हातवाऱ्यांनी करतो, आणि एक सज्जन आजीबाई त्याला अत्यंत आस्थेने डॉक्टरांच्या दारापर्यंत नेऊन सोडतात. अखेरीस सुटका होते ती कोल्हापूरहून आलेल्या एका गृहस्थाकडून, ज्याच्या सामानात प्रत्येक मापाचे चार-चार स्क्रू, दोन चेन, नायलॉनची दोरी आणि सुईदोरा निघतो, आणि ज्याच्या खोक्याच्या आकारावरून मुंबई विमानतळावर याच माणसाने ‘काय, दुकान काढताय का तिकडे?’ असा विनोद केला होता. ‘घ्या की,’ तो गृहस्थ म्हणतो, ‘अजून काय विसरलाय?’ हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नसतो. त्याच्याकडे खरोखरच सगळे असते. स्क्रूच्या बदल्यात तो लाडू नाकारतो, कारण त्याच्याकडे स्वतःचे तीन किलो असतात.

प्रारंभाआधीच्या तपासणीत ब्रेक, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा पाहिला जातो. मागचा दिवा लागत नाही, मग काढून घातल्यावर लागतो, का लागला ते कळत नाही, आणि न कळलेल्या दुरुस्तीवर चार रात्री काढायच्या असतात.

त्यानंतरच्या सुमारे १,२०० किलोमीटरबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. माणूस पेडल मारतो, मॉर्ताञ, फुजेर, लुदेआक अशी गावे जातात, दारात टेबल मांडून बसलेले गावकरी फुकट कॉफी पाजतात, ब्रेस्तला समुद्र दिसतो, तो बघून त्याच वाटेने परत यायचे असते. मुदतीत येणारे येतात.

परतल्यावर आंघोळ करून, सलग बारा तास झोपून, सुपर रँडोनर हॉटेलच्या काउंटरवर येतो आणि जिन्याखाली ठेवायला दिलेले खोके मागतो. काउंटरवरची तरुणी आनंदाने सांगते की ते फार मळले होते, म्हणून कालच तिने ते नीट चपटे करून, चिकटपट्टी सोलून, पुठ्ठ्याच्या पुनर्वापराच्या गाडीत दिले आहे. गावात सायकलींचे दुकान आहे का? आहे. उघडे आहे का? सोमवारी कळेल. विमान रविवारचे.

ही हकिकत फोनवरून घरी कळवली जाते तेव्हा पलीकडे बायको शांतपणे सगळे ऐकून घेते, लाडू संपले का ते विचारते, आणि म्हणते, ‘मग असं कर, चालवतच ये. येताना काही वेळेचं बंधन नाही.’